काळ्या पालखीची दांडी

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, येडशीच्या रुळांवरची प्रेतं उचलली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. एका लहानशा गावातली काळी पालखी मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. त्या प्रकरणात कुणाचा जीव गेला नाही, रक्त सांडलं नाही. तरी भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला असेल तर तो त्याच गावात.

काळ निजामी राजवटीचा, दुसरी जागतिक लढाई चालू होती तेव्हाचा. येडशीच्या बाजूला एका ठाण्यावर मी अमीन होतो. आज ज्याला फौजदार म्हणतात तो तेव्हाचा अमीन. हाताखाली एक जमादार आणि मोजके जवान. सगळा कारभार उर्दूत चालायचा. माणूस मराठीत सांगायचा, मी त्याचा इजहार, म्हणजे जबाब, उर्दूत उतरवायचो आणि अंगठा घेण्याआधी पुन्हा मराठीत वाचून दाखवायचो. काम वेळखाऊ होतं. पण त्यामुळे माणसाचं बोलणं माझ्या कानावरून दोनदा जायचं, आणि पुष्कळदा पहिल्या वेळी न कळलेलं दुसऱ्या वेळी कळायचं.

जमादार माझ्यापेक्षा वयानं मोठे होते. दरोडेखोराच्या अंगावर एकटे धावून जाणारा हा धिप्पाड माणूस भानामतीचं नाव निघालं की खिशातलं लिंबू चाचपायचा. भानामती म्हणजे आमच्या मराठवाड्यातली करणी. पेटीतल्या घडीच्या लुगड्यावर बिब्ब्याच्या काळ्या फुल्या उमटतात, अंगावर फोड येतात, चांगल्या शहाण्या बायका कोल्ह्यासारख्या ओरडू लागतात, आणि मग गाव ती करणारी बाई शोधायला निघतं. मी जमादारांची थट्टा करायचो.

ते म्हणायचे, "साहेब, तुमचा तिच्यावर इस्वास न्हाय म्हणून तिला तुमी दिसत न्हाय, असं थोडंच हाय?"

एके दिवशी सकाळी ठाण्याच्या पायरीवर एक म्हातारी मणेरीण येऊन बसली. गावोगाव फिरून बांगड्या भरणाऱ्या या चाचीला मी लहानपणापासून ओळखत होतो. तिची टोपली जशीच्या तशी भरलेली होती.

"अमीनसाब, त्या डोंगराखालच्या गावात एक बी बाई बांगडी भरंना," ती म्हणाली. "काच चमकतीया म्हणत्यात. चमकणारं कायबी नको म्हणत्यात."

"का?"

"देवीची पालखी नव्यानं रंगवली. काळी कुळकुळीत, आरशावानी. जत्रंत ज्यांनी खांदा दिला त्यांचे खांदे जळले. आता समदे म्हणत्यात, रंगवणाऱ्या जिनगरणीनं करणी केली." तिनं आवाज खाली आणला. "येत्या अवसेला तिचे दात पाडणार हाईत. लोहाराकडं सांडशी मागितलीया. म्या माझ्या कानानं ऐकलं, साब."

दात पाडले की मंत्र नीट उच्चारता येत नाही आणि करणी संपते, असा समज होता. दात पाडलेल्या दोन बायका मी पाहिल्या होत्या. त्यातली एक त्याच आठवड्यात गेली होती. अवस चार दिवसांवर आली होती. मी रोजनामच्यात नोंद केली, जमादारांना आणि दोन जवानांना घेतलं आणि निघालो.

गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. रस्त्यावर माणूस नाही, ओट्यावर बाई नाही. दारात घागरी होत्या, पण साऱ्या घागरींना बाहेरून चिखल फासलेला. पितळेचे हंडे, तांब्या, कळशा, एवढंच काय, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनाही राख आणि माती लिंपलेली होती. जिथं म्हणून माणसाचं तोंड दिसू शकेल अशी एकही वस्तू गावानं उघडी ठेवली नव्हती. कुठल्याशा घरातून एका बाईचं लांबलचक ओरडणं ऐकू आलं. ते थांबलं तसं दुसऱ्या घरातून सुरू झालं. जमादारांचा हात खिशात गेला.

एक म्हातारा हातात ओल्या मातीचा गोळा घेऊन पुढं आला. त्यानं माझ्या कमरेच्या पट्ट्याकडं बोट केलं.

"साहेब, ते बक्कल चमकतंय. एवढी माती लावू द्या. गावात तेवढंच ऱ्हायलंय बगा."

तो धमकावत नव्हता, अजीजीनं सांगत होता. मला राग आला. सरकारी पट्ट्याला माती लावून घेणारा अमीन उद्या गावात कुणाला पकडणार? मी नकार दिला आणि पुढं चालू लागलो. मागं वळून पाहिलं तर जमादारांनी मुकाट्यानं आपला बिल्ला त्याच्यापुढं धरला होता.

पालखी देवळात होती. वर घोंगडं टाकलेलं होतं. गुरव दाराशी थांबला, आत यायला तयार होईना. मी स्वतः घोंगडं काढलं.

तसं काम मी पूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. आपल्याकडं लाकडावर चपड्याचं रोगण मारतात, त्याला पिवळसर लकाकी येते. इथं काळा रंग लाकडावर दिलेला वाटतच नव्हता. लाकडाच्या जागी खोल, काळं पाणी साचवून ठेवलं आहे असं वाटत होतं. त्यात मला माझी टोपी दिसली, मिशा दिसल्या, पाठीमागच्या दारातला उजेड दिसला. मी नेहमी आरशात दिसतो त्यापेक्षा बराच म्हातारा दिसलो. मीही माणूसच आहे. क्षणभर वाटलं, परत टाकावं ते घोंगडं.

त्याऐवजी मी पंचांना बोलावलं आणि पंचनाम्याला बसलो. खांदा देणारे चौघे होते, दांडीच्या पुढच्या टोकाला दोघे, मागच्या टोकाला दोघे. चौघांचेही खांदे, मान, कानशिलं सुजली होती, काळेनिळे फोड येऊन पाणी सुटलं होतं. एकाचा डोळा सुजून मिटला होता. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी हे सुरू झालं. बायांचं ओरडणं त्यानंतरचं, आणि घरोघरच्या फुल्या त्याहून नंतरच्या.

"पालखीला आणखी कुणी हात लावला?" मी विचारलं.

"समद्या गावानं लावला की," गुरव दारातूनच म्हणाला. "बायांनी कपाळं टेकली, लेकरांना पालखीखालून काढलं."

"त्यांच्यातल्या कुणाला फोड आले?"

गुरवानं विचार केला आणि मान हलवली. कुणालाच नाही.

मी घासलेटात बुडवलेलं फडकं मागवलं. पालखीच्या बाजूवरून खसाखसा फिरवलं. फडकं स्वच्छ राहिलं. मग दांडीवरून फिरवलं. फडक्यावर तपकिरी, चिकट डाग उतरला आणि लगेच काळा पडू लागला. तो वास आपल्याकडं कुणालाही कळावा असाच होता. कच्च्या बिब्ब्याचं तेल. घराघरात असतं. पायात काटा मोडला तर लावतात, परीट कपड्यांवर त्यानं खुणा करतात. चुकून अंगाला लागलं तर आठ-आठ दिवस माणूस तळमळतो.

म्हणजे कुणीतरी माणसानं दांडीला बिब्बा फासला होता. जमादारांना मी फडकं दाखवलं. त्यांनी ते लांबूनच पाहिलं.

"जिनगरणीकडं बिब्ब्याचं मडकंच्या मडकं हाय, साहेब," ते म्हणाले. "तिचा रंगच त्याचा असतोय."

ही गोष्ट खरी होती, आणि तिच्या दृष्टीनं फार वाईट होती.

जिनगरणीचं घर गावाच्या कडेला, विहिरीच्या वर. तिच्या सासरकडं पिढ्यान्‌पिढ्या देवीची पालखी रंगवायची चाकरी होती आणि त्या चाकरीबद्दल विहिरीलगतची जमीन इनाम होती. नवरा मागल्या वर्षी वारला. मूलबाळ नव्हतं. चाकरी चुकली तर जमीन जाणार, म्हणून या वेळी पालखी तिनं एकटीनं रंगवली. दाराला बाहेरून काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या. ती बाहेर पडू नये म्हणून गावानं टाकल्या होत्या. जवानांनी त्या बाजूला केल्या.

चाळिशीच्या आसपासची, उंच, सडपातळ बाई. मनगटापर्यंत हात काळे पडलेले, कातडी झाडाच्या सालीसारखी. त्या हातांवर एक फोड नव्हता.

"बाई, तुमच्या हाताला काही झालं नाही?" मी विचारलं.

"लगीन होऊन आले तवा पहिलं वरीस लई भोगलं. तोंड असं सुजलं हुतं की सासूनं वळखलं न्हाय. मग अंगाला सवय झाली." तिनं हात उलटेपालटे करून दाखवले. "आता ह्येच म्हणत्यात, बगा, हिला काय होत न्हाय, म्हणजे हीच."

हा रंग शिकली कुठून, ते तिनं सांगितलं. नवरा हैदराबादेत एका लाकडी सामान बनवणाऱ्याच्या कारखान्यात काही वर्षं होता. तिथं एक जपानी डबी त्याच्या हाती आली, झाकण तुटलेली. तशी चकाकी आपल्याला का येऊ नये, या ध्यासानं तो परतला आणि मरेपर्यंत खपला. शिजवलेलं बिब्ब्याचं तेल, जवसाचं तेल, काजळी. हात द्यायचा, वाळवायचा, कोळशाच्या पुडीनं घासायचा, पुन्हा हात द्यायचा. त्या लढाईच्या दिवसांत जपानी हा शब्द ऐकला की ठाण्यातले कान टवकारायचे. मी ती डबी पाहायला मागितली. तळहातावर मावेल एवढी होती. आत तिच्या नवऱ्याची तपकीर होती.

"हा रंग उन्हात वाळत न्हाय," ती म्हणाली. "वलाव्यात वाळतोय. अंधारात. त्येच तर लोकांच्या डोळ्यांवर आलं."

घराच्या मागच्या खोलीत धान्याचं जुनं पेव होतं. तिनं दगड सरकवला. आतल्या भिंतींवर ओली पोती लोंबत होती, गार, कुबट वाफ वर आली. मी वाकून पाहिलं. खाली अंधारात माझं तोंड तरंगत होतं. त्याच्या बाजूला आणखी एक, त्याच्याही बाजूला आणखी एक. रंग देऊन वाळत ठेवलेल्या फळ्या होत्या त्या, हे मला ठाऊक होतं. तरी मी झटकन मागं झालो. एखाद्या शेजारणीनं भिंतीच्या फटीतून हे पाहिलं असेल, तर तिनं घरी जाऊन काय सांगितलं असेल, ते मला तिथंच समजलं.

"पालखी इथून गेली तेव्हा दांडी वाळलेली होती?"

"वाळली नसती तर म्या दिली नसती. हितनं देवळापातूर त्याच चौघांनी उघड्या खांद्यावर नेली की. तवा कुनाला काय झालं? एकदा देवळात गेली की मला शिवता येत न्हाय. रांडाव बाई." तिनं पेवावरचा दगड परत सरकवला. "साहेब, अवसेला तुमी असाल का गावात?"

मी असेन म्हणालो. तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नसावा. मी तिच्या दारात एक जवान बसवला. तो दाराकडं पाठ करून बसला आणि शेवटपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

पालखी तिच्या घरातून देवळापर्यंत निर्धोक गेली होती. म्हणजे जे झालं ते देवळात, पालखी पोचल्यानंतर आणि जत्रेआधी. देवळाला दिवसा कुलूप नसतं. कुणीही जाऊ शकत होतं. मी चावडीवर सतरंजी अंथरली आणि एकेकाला वेगळं बोलावून इजहार घ्यायला सुरुवात केली.

सर्वांत मदत करणारा माणूस होता गावचा मानकरी. पालखीचा पहिला खांदा त्याच्या घराण्याचा. पन्नाशीचा, भारदस्त, बोलणं मऊ. आमच्यासाठी दूध आलं ते त्याच्याच घरून. त्याच्या चुलतभावाचा खांदा सर्वांत जास्त भाजला होता, आणि त्याच्याबद्दल बोलताना मानकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, बाई मानूस हाय, तिला मारू नका म्हणून मीच लोकांना धरून ठिवलंय," असंही त्यानं सांगितलं. इतका बरा माणूस समोर बसला की पोलिसाला काळजी वाटू लागते. पण काळजी म्हणजे पुरावा नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सारे इजहार वाचून दाखवायला बसलो. पहिल्यांदा गुरवाचा. त्यात होतं की, यंदा मानकऱ्याला सुतक असल्यामुळे त्यानं पालखीला हात लावला नाही, त्याच्या जागी चुलतभाऊ उभा राहिला. गुरवानं अंगठा दिला. मग त्या चुलतभावाच्या घरी गेलो, कारण त्याला उठवत नव्हतं. तो बाजेवर पालथा पडून होता, खांद्यावर खोबरेल थापलेलं. त्याच्या इजहारात होतं की, दादाच्या खांद्यात लचक भरली होती, म्हणून दादा म्हणाला, यंदा तू उभा राहा.

मी वाचता वाचता थांबलो.

मी मुसलमान. सुतकाचे नियम मला पोथीतून ठाऊक नाहीत. पण आमच्या गल्लीतल्या देवळाची पायरी मला चांगली ठाऊक आहे. सणाला माझे सारे सोबती आत जायचे आणि मी पायरीवर बसून त्यांची वाट पाहायचो. कधीमधी एखादा सोबतीही माझ्याजवळ येऊन बसायचा. विचारलं तर म्हणायचा, सुतक आहे. पण असा एकटा मुलगा कधी बसला नाही. तो बसला की त्याचे सगळे चुलतभाऊ रांगेनं येऊन बसायचे. सुतक एकट्या माणसाला नसतं, भावकीला असतं. मानकऱ्याला सुतक असतं तर त्याच्या सख्ख्या चुलत्याच्या मुलाला पालखीजवळ फिरकता आलं नसतं.

आणि नुसती लचक असती तर? मी परत गुरवाकडं गेलो आणि तेवढंच विचारलं.

"लचक असंल, ताप असंल, तरी मानकरी येतो," गुरव म्हणाला. "दांडीला हात टेकवतो. जत्रंत त्याच्या हाताबिगर पालखी हलत न्हाय. ह्यांच्या वडलांना तर बाजेवर घालून आणलं हुतं."

तेव्हा मला सारं दिसलं. लचक सांगितली असती तर गुरवानं दांडीवर हात ठेवायला लावला असता. म्हणून गुरवाला सुतक सांगितलं; मग भाऊ कसा उभा राहतो, हे मानकऱ्याला विचारायची गुरवाची छाती नव्हती. भावाला सुतक सांगितलं असतं तर तोही उभा राहू शकला नसता, आणि घराण्यातलं कुणीच नाही म्हटल्यावर बोभाटा झाला असता. म्हणून भावाला लचक सांगितली. मान मिळावा म्हणून माणसं डोकी फोडून घेतात. हा मनुष्य आपला मान सोडून बाजूला झाला होता, आणि का झाला होता ते भावाच्या खांद्यावर दिसत होतं.

मी मानकऱ्याला भावाच्याच घरी बोलावलं. गुरवाला आणि पंचांना बसवलं. आवाज चढवला नाही, दंडुका तर जमादारांच्या हातातून काढूनच ठेवला होता.

"सुतक कुणाचं होतं?" मी विचारलं.

मानकऱ्यानं गुरवाकडं पाहिलं. "अणदूरकडं आमची भावकी हाय. तिथं एक जन वारला."

बाजेवरचा भाऊ कण्हत होता. तो थांबला. मोठ्या कष्टानं त्यानं मान वळवली. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

"दादा, अणदूरला कोन वारलं?" त्यानं विचारलं.

मानकरी मुंडाशाचं टोक चाचपू लागला.

"मला कसं न्हाय सांगितलं, दादा? म्या सुतकात देवीला खांदा दिला का?"

माझ्या सगळ्या नोकरीत इतका साधा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. त्या भावाला अजून वाटत होतं की चूक झाली असेल तर आपलीच. मानकऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि तो हमसून हमसून रडू लागला. मला त्याची दया आली नाही. मी भावाकडं पाहत होतो.

कबुलीजबाब असा. जिनगर वारल्यावर विहिरीलगतची ती जमीन मानकऱ्याला हवी होती. बाई चाकरी करू शकणार नाही, मग जमीन आपोआप सुटेल, असा त्याचा हिशेब होता. तिनं पालखी रंगवली, तीही अशी की सारं गाव बघत राहिलं. मग त्यानं जत्रेच्या आदल्या दुपारी, गुरव ओढ्यावर गेला असताना, काठीला फडकं बांधून दांडीला कच्चा बिब्बा फासला.

"पर साहेब, त्या काळ्या पालखीत माझंच तोंड दिसत हुतं," तो म्हणाला. "म्या डावीकडं झालो तर त्ये बी डावीकडं. म्हणून वर घोंगडं टाकलं आन मग लावलं."

मी लिहीत होतो. तो एकदम पुढं सरकला आणि त्यानं माझं मनगट धरलं.

"म्या फकस्त दांडीला लावलं. बाया वरडत्यात त्ये म्या न्हाय केलं. पेटीतल्या फुल्या म्या न्हाय काढल्या. माझ्या बी घरात उमटल्या, कुलूप लावलेल्या पेटीत. त्या कुनी काढल्या, साहेब?"

मी लिहीत राहिलो. भीतीनं घेरलेल्या गावात माणसं स्वतःच्या हातानं काय काय करतात आणि विसरतात, हे मी पुढं पुष्कळ पाहिलं. बाया का ओरडतात हेही एका डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. पण त्या कुलपातल्या फुल्यांचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

त्याला बेड्या घालून चावडीसमोरून नेलं तेव्हा सारं गाव घराबाहेर आलं होतं. मला वाटलं, आता लोक शरमतील, कुणीतरी जिनगरणीच्या दारात जाऊन चार शब्द बोलेल. लोक हलले नाहीत. मातीचा गोळा घेऊन आलेला तो म्हातारा हळूच जमादारांना काही म्हणाला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

जमादारांचा चेहरा उतरला होता. "म्हणतोय, किती जबरी बाई हाय बगा. मानकऱ्याच्या तोंडून त्याचंच नाव वदवून घेतलं."

माझं डोकं तापलं. मी तिच्या घरी गेलो आणि सांगितलं, "उद्या सकाळी दवंडी देतो. पंचनामा, कबुली, सगळं चावडीवर मराठीत वाचून दाखवतो. तुमचा यात काही हात नाही, बिब्बा हा बिब्बा असतो आणि रंग हा रंग, हे प्रत्येकाच्या गळी उतरवतो."

तिनं पाटावर पाण्याचा तांब्या ठेवला. गावात चिखल न लावलेलं तेवढं एकच भांडं असावं.

"दवंडी नका दिऊ, साहेब."

"का? तुमचं नाव साफ होईल."

"नाव साफ झालं की म्या कोन? एक रांडाव बाई, गावाच्या कडंला, विहिरीच्या जमिनीवर." ती अगदी शांतपणे बोलत होती. "तुमी उद्या जाल. मानकरी दोन वर्सांनी सुटंल. न्हाय तर दुसरा कुनी यील. आधी हे समदे दात पाडाया निघाले, कारन त्यांना वाटलं म्या एकटी हाय. आता त्यांना वाटतंय, म्या एकटी न्हाय. वाटू द्या."

माझी सगळी विद्या, कायदा, तपास तिच्या उपयोगी पडला होता, पण तिला त्याचं काय करायचं ते तिनं ठरवलं होतं. मी मानकऱ्याचं चालान केलं, अदालतीत त्याला शिक्षा झाली. दवंडी दिली नाही. अवस आली तेव्हा मी गावातच थांबलो होतो. तिच्या दाराकडं कुणी फिरकलं नाही. लोहारानं सांडशी माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाला, ही तुमीच न्या, मला घरात नको.

काही वर्षांनी निजामी राजवट संपली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. आधी एका बाजूच्या घरांनी भोगलं, मग दुसऱ्या बाजूच्या. मी बदलीवर दूर होतो, रस्ते बंद होते, पत्र जात नव्हतं. माझी म्हातारी आई, बायको आणि दोन मुलं येडशीच्या बाजूलाच एका खेड्यात होती. तिथली आमची मुसलमानांची बरीच घरं राजवट कोसळल्याच्या त्या आठवड्यात राहिली नाहीत. मी मनानं त्यांना पुरून बसलो होतो.

जमादार तेव्हा नोकरीतून मोकळे झाले होते. त्यांनी कडब्याच्या गाडीत माझी माणसं घातली आणि भर दिवसा हाकत त्या डोंगराखालच्या गावात नेली, थेट जिनगरणीच्या दारात. स्वतः मात्र उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ती काही न विचारता बाजूला झाली आणि चौघांना आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी काठ्या-कुऱ्हाडी घेतलेला जमाव विहिरीपर्यंत आला. जिनगरीण उंबऱ्यात बसून एक काळी फळी तळहातानं घासत होती. आई आतून दाराच्या फटीतून पाहत होती. कुणीतरी ओरडून विचारलं, आत कोण आहे. तिनं मान वर केली नाही.

"या की आत," ती म्हणाली. "बगा."

एकही माणूस विहिरीच्या पुढं आला नाही. थोडा वेळ उभे राहून ते आले तसे परत गेले. माझी माणसं महिनाभर त्या घरात राहिली आणि एकानंही त्यांना बोट लावलं नाही.

पोलिसाचं काम खरं काय ते शोधणं, हे मी शिकून आलो होतो आणि आजही तेच मानतो. पण सापडलेलं खरं कुणाला, कधी आणि किती सांगायचं, हे मला त्या बाईनं शिकवलं. कागदोपत्री ती निर्दोष आहे, माझ्या सहीनं आहे. गावाला ते मी सांगितलं नाही, म्हणून माझी मुलं जगली.